ग्राहकाची सही

"आजोबा पडले," बटण म्हणाली आणि पुढच्या घासासाठी तिने आ वासला.

घास धरलेला आईचा हात तिथल्या तिथे थांबला. "कुठे पडले?"

"पडले. धप्प!" बटणने मान एका बाजूला टाकली, एक हात अंगाखाली दुमडला, डोळे मिटले, आणि मग एक डोळा किलकिला करून आई बघतेय ना याची खात्री करून घेतली. "मग टिंग!"

"टिंग म्हणजे काय?"

"टिंग," बटण म्हणाली. याहून सोपं आणखी कसं सांगायचं असा चेहरा करून तिने आईच्या हातातला घास स्वतःच ओढून घेतला.

"अगं, काल तिच्या गोष्टीतला हत्तीपण पडला होता," नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला. "तू लगेच फौजदार होऊ नकोस."

पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. सव्वादोन वर्षांचं पोर काहीही बोलतं, हे तिलाही कळत होतं. पण जे पाहिलंच नाही ते इतकं हुबेहूब करून कसं दाखवेल? ती मान टाकायची तऱ्हा, तो अंगाखाली दुमडलेला हात. हत्तीचा हात असा दुमडत नाही.

हात धुऊन तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, आज तुम्ही पडला होतात?"

"कोण म्हणालं?"

तिने हे मनात टिपून ठेवलं. 'नाही' असं ते म्हणाले नव्हते. औषधाच्या दुकानात सहा वर्षं काउंटरमागे काढली की माणूस एवढं शिकतोच. चिठ्ठी नसताना झोपेच्या गोळ्या मागणारी माणसंही आधी प्रश्नालाच प्रश्न लावतात.

"बटण म्हणतेय."

"मग तिलाच विचार," बाबा हसले. "आम्ही खेळत होतो गं. वाघ-वाघ. वाघ मेला की पडायला नको?"

वाघ मेल्यावर टिंग कसं होतं, हे तिने विचारलं नाही. ते स्वतः बघायचं होतं तिला.

बाबांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं होतं. राहायला मात्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. "डॉक्टर कुठे स्वतःला इंजेक्शन देतो?" असं त्यावर ते म्हणायचे. नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा तिच्या नाकावर अलगद बोट ठेवून ते म्हणाले होते, "हे बघ, तळमजल्याचं बटण." तेव्हापासून पोरीचं खरं नाव फक्त लसीच्या कार्डावर उरलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना ते आरशासमोरच खाली बसले होते. डोक्यात हातोडा मारल्यासारखं दुखतंय एवढंच बोलता आलं. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगवटा आला होता आणि तो फुटला होता. डॉक्टरांनी कवटी उघडली नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वर डोक्यापर्यंत नेली आणि त्या फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरली, रक्त पुन्हा आत शिरू नये म्हणून. बोलायला लागल्यावर बाबांना त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर ही नळी. "म्हणजे शाफ्टमधून केबल वर नेली. भिंत फोडायलाच नको. हुशार आहेत लेकाचे."

डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वडील वाचले आहेत, पण एक लक्षात ठेवा. काही जणांच्या बाबतीत ही वेटोळी हळूहळू दबतात आणि फुग्याच्या तोंडाशी पुन्हा जागा होते. रक्त परत आत शिरायला लागतं. त्याचं वरून काही दिसत नाही, दुखतही नाही. म्हणून सहा महिन्यांची तपासणी चुकवायची नाही."

तपासणी चुकली नव्हती. दोन महिन्यांपूर्वीच झाली होती. फक्त त्या दिवशी बटणला ताप होता आणि बाबा एकटे जाऊन आले होते. "सगळं ठीक आहे," त्यांनी फोनवर सांगितलं. "रिपोर्ट?" "तो त्यांच्या कॉम्प्युटरमध्येच असतो." आणि ती "बरं" म्हणाली होती. डोळ्यांत तेल घालून जगणारी ती, दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची तारीख दोनदा वाचणारी, त्या दिवशी "बरं" म्हणाली होती. कारण दुपारी बारा ते सहा तिला दुकानात उभं राहायचं होतं आणि बारा ते सहा बटण बाबांकडे असायची. बाबा ठीक असणं ही तिची गरज होती.

दुसऱ्या दिवशी बाराला पाच कमी असताना ती बटणला कडेवर घेऊन तीन जिने चढली. आज ती घराकडे बघत आत शिरली, म्हणजे जसं परक्या घराकडे बघतात तसं.

पहिली गोष्ट दारातच दिसली. दाराची आतली कडी नव्हती. जिथे ती असायची तिथे चार भोकं होती, त्यांत साबण भरून वरून रंग फिरवला होता.

"कडी कुठे गेली?"

"गंजली होती."

गंजलेली कडी बाबा फेकत नसत. रॉकेलमध्ये बुडवून, काथ्याने घासून, ग्रीस लावून ते ती आणखी वीस वर्षं चालवत. ती आत आली तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरलं होतं. थोडंथोडकं नाही, गुडघ्याच्या उंचीवर.

"आणि हे?"

"बटणला चित्रं बघायची असतात. तिच्या उंचीला नको?"

बटण लगेच कॅलेंडरकडे धावली आणि त्याची खालची कड उचलायला लागली. बाबांनी तिला चटकन उचलून घेतलं. जरा जास्तच चटकन.

"बाबा, आज वार कोणता?"

"तुझ्या चौकशीचा."

"दोन्ही हात वर करा बघू."

बाबांनी एका हातात नात धरली होती. त्यांनी दुसरा हात वर केला, मग नात त्या हातात घेऊन पहिला वर केला. मग दात काढून हसले. दोन्ही बाजूंनी सारखे. "झाली तपासणी? इन्स्पेक्टरबाई, दुकानाला उशीर होतोय तुम्हाला."

पण ती हलली नाही. दार लोटल्यावर दाराच्या मागच्या बाजूला खिळ्याला एक कार्ड लटकलेलं दिसलं. ते तिला लहानपणापासून ओळखीचं होतं. प्रत्येक इमारतीच्या मशीनरूममध्ये असं कार्ड असतं. मेकॅनिक महिन्याला येतो, काम करतो, तारीख घालून सही करतो आणि शेजारी ग्राहकाची सही घेतो. बाबांकडे अशी कोरी कार्डं गठ्ठ्याने उरली होती. या कार्डावर मात्र तारखा होत्या, आठवड्यातून दोन-तीन. प्रत्येक तारखेपुढे एक आकडा आणि बाबांची सही. ४२. ४०. ३५. ३६. २८. २३. ग्राहकाचा रकाना सगळा कोरा.

"हे काय लिहिता?"

"ते होय? बटण किती घास खाते ते."

"मग ती आता उपाशीच मरायला हवी होती," ती म्हणाली. "आकडा उतरतोय."

बाबा हसले. तीही हसली. दोघांपैकी कुणालाच हसू आलं नव्हतं.

जिना उतरताना ती मोजत होती, पायऱ्या नव्हे, तारखा. कार्डावरची पहिली तारीख तपासणीच्या बरोबर तीन दिवसांनंतरची होती. माणसाच्या अंगातला कुठला आकडा दोन महिने असा घसरत जातो? नाडी? मग तेवीसला माणूस उभा कसा राहील? काय मोजतायत हे? आणि कडी का काढली? विसरायला लागलेत का? आतून लावून मग उघडता येईना, असं काही झालं का? खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत तिने वडिलांना अर्धे वेडे ठरवून टाकलं होतं आणि त्याबद्दल स्वतःला दोन शिव्याही घातल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी तिने बटणची टोपी शोधायचं निमित्त काढून बाबांचा खण उघडला.

त्यांची रोजची औषधं तिच्याच दुकानातून यायची. ती स्वतः प्रत्येक पट्टीवर निळ्या पेनाने सूर्य किंवा चंद्र काढायची, म्हणजे सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली हे कळावं. सूर्यवाल्या पट्ट्या होत्या, चंद्रवाल्या होत्या. त्यांच्याखाली, रुमालात गुंडाळलेली, एक पट्टी निराळीच. न फोडलेली. तिच्यावर लाल पेनाने एक टिंब होतं. लाल टिंब बस थांब्याजवळच्या दुकानात करतात.

गोळीचं नाव तिने दोनदा वाचलं. रक्त पातळ ठेवणारी गोळी. ही अशीच कुणाला देत नाहीत. रक्तवाहिनीत जाळीची नळी बसवायची असली की आधी आठवडाभर सुरू करायला सांगतात. आणि पोटची पोर औषधाच्या दुकानात असताना हा माणूस दोन चौक चालत दुसऱ्या दुकानात जातो, तो का?

"सापडली का टोपी?" बाहेरून बाबांनी विचारलं.

"सापडली," ती म्हणाली. टोपी बटणच्या डोक्यावरच होती.

त्या दुपारी दुकानात तिने एका बाईला खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल काढून दिलं. मालक म्हणाले, "अहो, लक्ष कुठाय? त्या बाई खोकून खोकून केस गळायची वाट बघतायत." ती हसली नाही. पोटात दुखतंय असं सांगून ती साडेतीनला बाहेर पडली. रस्ताभर तिला एकच चित्र दिसत होतं: बाबा जमिनीवर, आणि शेजारी बटण, एकटी. दार बंद. चुलीवर काहीतरी. बटण "आजोबा, आजोबा" करत त्यांच्या पापण्या उघडतेय.

तीन जिने ती चवड्यांवर चढली. किल्ली कुलपात आवाज न करता फिरवली. कडी नसल्यामुळे दार गुपचूप उघडलं.

बाबा जमिनीवर पडले होते.

मान एका बाजूला, एक हात अंगाखाली दुमडलेला. बटणने परवा करून दाखवलं होतं, अगदी तसेच. आणि बटण रडत नव्हती. बटण दोन्ही हातांनी फ्रॉक सावरत भिंतीकडे पळत गेली, कॅलेंडरची खालची कड उचलून डोक्यावर घेतली आणि आत दोन्ही अंगठे दाबले.

समोरच्या घरात कुठेतरी घंटा वाजली. टिंग.

लगेच समोरचं दार आपटलं आणि शिलाईवाल्या काकू तिला बाजूला सारून आत घुसल्या. गळ्यात माप घ्यायची फीत, ओठांत टाचण्या, हातात काढून धरलेलं मनगटी घड्याळ.

"किती?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

काकूंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. "धप्प ऐकू आल्यापासून टिंगपर्यंत एकोणीस सेकंद. पण उठा आता, तुमची मुलगी आलीय."

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. मग छताकडे बघत ते तसेच पडून राहिले, जणू आता उठण्यात काही अर्थ नव्हता.

ती दाराला टेकून खाली बसली. बटण टाळ्या पिटत होती.

"अगं, सराव होता," शेवटी बाबा म्हणाले. "लिफ्टमध्ये माणूस अडकला तर काय करायचं, याचा आम्ही नाही का दर सहा महिन्यांनी…"

"रिपोर्ट कुठे आहे?"

"कसला…"

"बाबा. लाल टिंबाची पट्टी मी बघितलीय. रिपोर्ट कुठे आहे?"

काकूंनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "म्हणजे हिला ठाऊकच नाही? अहो, मला म्हणालात मुलीनेच सांगितलंय असं करायला!"

"ताई, तुम्ही जरा घरी…"

"मी कुठ्ठे जाणार नाही. दोन महिने हातातलं काम टाकून धावतेय मी. एकदा सुई बोटात आरपार गेली माझ्या. आता बोला."

बाबा उठून बसले. हत्यारांची पेटी ओढून त्यांनी पान्यांच्या खालचा कप्पा काढला आणि त्याच्या तळातून चार घड्या घातलेला कागद दिला. तिने तो वाचला. मग पुन्हा वाचला. वेटोळी दबली होती. फुग्याच्या तोंडाशी रक्त पुन्हा शिरत होतं. जाळीची नळी बसवून तो भाग बंद करावा, लवकर. कागदाच्या कोपऱ्यात पेनाने एक तारीख होती, ती खोडलेली. तिच्या खाली दुसरी. तीही खोडलेली.

"दोनदा तारीख दिली त्यांनी. मीच पुढे ढकलली," बाबा म्हणाले.

"का?"

बाबा बटणकडे बघत होते. बटण कॅलेंडरखाली डोकं घालून काहीतरी शोधत होती.

"पहिल्या वेळी तीन महिने तू तिला माझ्याकडे सोडलं नव्हतंस. बरोबरच होतं तुझं. पण तीन महिन्यांनी आली ना, तेव्हा माझ्याकडे बघून रडली. पाहुण्याकडे बघून रडतात तशी. तुझ्या गळ्याला मिठी मारून बसली आणि माझ्याकडे बघेना." त्यांनी नाक पुसलं, हाताला लागलेलं विजारीला पुसलं. "या वयात तीन महिने म्हणजे काय होतं तिला? परत पहिल्यापासून. आणि मला… माझ्याकडे इतके पहिल्यापासून उरलेत की नाही, कोणाला ठाऊक."

तिने कागदाला पुन्हा घड्या घातल्या.

"पण मी सगळं बघितलं होतं गं," बाबा घाईघाईने सांगू लागले. आता त्यांचा आवाज कामावरचा झाला. "नुसता नाही बसलो. आतली कडी काढली, म्हणजे तुझी किल्ली कधीही चालेल, ताईंकडेही एक दिलीय. गॅस तू गेलीस की खालून बंद. दुपारचा चहा थर्मासमधला. न्हाणीघरात बादली भरून ठेवत नाही. आणि ही घंटा, हे बघ, जुन्या लिफ्टचंच बटण आहे, तिच्या अंगठ्याला दाबलं जाईल अशी स्प्रिंग ढिली केलीय. पहिल्यांदा बेचाळीस सेकंद लागले तिला. आज एकोणीस! लिफ्ट कधी एका दोरावर चालते का? चार असतात. एक तुटला तर बाकीचे धरतात."

"आणि त्यातला एक दोर सव्वादोन वर्षांचा?"

बाबांनी पेटीतला पान्यांचा कप्पा परत जागेवर बसवला.

काकूंनी गळ्यातली फीत काढली आणि बोटाभोवती गुंडाळायला लागल्या.

तेवढ्यात बटणला हवं ते सापडलं. टिंग! समोरच्या रिकाम्या घरात घंटा वाजली. बटण वळली, कोणीच पळत आलं नाही, कोणीच पडलं नाही, हे बघून नाराज झाली. आजोबांच्या खांद्याला धरून तिने त्यांना मागे ढकललं.

"आजोबा, पडा ना. पुन्हा पडा."

"बघा," ती म्हणाली. तिला हे बोलायचं नव्हतं, पण दुसरं कोण बोलणार होतं? "तुम्ही खरंच पडाल ना बाबा, तेव्हा ती हसेल. टिंग करेल. टाळ्या पिटेल. आणि मग तुम्ही उठायची वाट बघत बसेल."

बाबांनी बटणचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवरून काढून ओंजळीत धरले. मग ते अंगठ्याने पुसले. तळहाताला कॅलेंडरच्या मागची धूळ लागली होती.

"सहाव्या मजल्यावरचे ते आजोबा आठवतात तुला?" त्यांनी विचारलं.

तिला आठवत होते. ती नऊ वर्षांची असेल. सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर कामावर गेली होती. सहाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं, खुर्चीत बसवून घरची माणसं लिफ्टपाशी खोळंबली होती. बाबा वरून उतरले आणि म्हणाले, लिफ्ट बंद. चारांपैकी एका दोराच्या सहा तारा तुटल्या होत्या. माणसं हातापाया पडली, मग अंगावर आली. एकदाच चालवा, खाली सोडा, मग खुशाल बंद करा. बाबांनी फ्यूज काढून खिशात टाकला आणि 'बंद' अशी पाटी दाराला अडकवली. आणि मग त्या म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून सहा मजले खाली आणलं. एका बाजूने वॉचमन, एका बाजूने ते. खाली आल्यावर म्हातारा म्हणाला होता, तुमचा दोर चांगला असता तर सहाही मजल्यांचं हे दर्शन घडलं नसतं.

"आठवतात," ती म्हणाली.

"चार दोर होते त्या लिफ्टला. तीन शाबूत. तरी बंद केली होती मी."

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. बटणची पिशवी काढून त्यांनी तिच्यात एकेक वस्तू भरायला सुरुवात केली. पाण्याची बाटली, झाकण घट्ट फिरवून. एक हात तुटलेली बाहुली. ज्यादा फ्रॉक. मग उकिडवे बसून त्यांनी बटणच्या पायात बूट घातले, आधी उजवा, मग डावा, आणि पट्टे लावले.

"सोमवारपासून पाळणाघर बघ तिला," ते बुटाकडे बघत म्हणाले.

"बाबा, त्या दिवशी मीसुद्धा 'बरं' म्हणाले होते," ती म्हणाली. "रिपोर्ट मागितला नाही. मला 'ठीक'च ऐकायचं होतं."

"तरुणपणी मी एकदा मशीनरूमचं कुलूप न उघडता कार्डावर सही केली होती," बाबा म्हणाले. "काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना परत गेलो, उघडून बघितलं, तेव्हा कुठे घास उतरला. होतं असं. परत जायचं, एवढंच."

तिने तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. मंगळवारनंतरच्या मंगळवारची तारीख मिळाली. बाबांनी ती कागदाच्या कोपऱ्यात, दोन खोडलेल्या तारखांच्या खाली लिहिली. लाल टिंबाच्या पट्टीवर तिने निळा सूर्य काढला.

पाळणाघरात पहिल्या दिवशी बटण रडली नाही. संध्याकाळी तिथल्या बाई म्हणाल्या, "गुणी आहे हो. पण एक सांगू? सगळ्या भिंती दाबून बघते. खालून. काय शोधते कोण जाणे."

त्या मंगळवारी सकाळी ती एकटीच वडिलांना न्यायला आली. जिन्यात काकू भेटल्या. त्यांनी दोन नव्या विजारी तिच्या हातात कोंबल्या, नाडीऐवजी इलॅस्टिकच्या. "दवाखान्यात नाडीच्या गाठी कोण सोडवत बसणार. शिवायला वेळ भरपूर मिळाला मला. पण खरं सांगू, कान तिकडेच असतो. टिंग होत नाही म्हटल्यावर मशीनवर पाय चालत नाही माझा."

बाबा तयार होते. दाढी केलेली, केस ओले करून बसवलेले. आतली कडी दारावर परत आली होती, तेल दिलेली, चकचकीत. कॅलेंडरही आपल्या जुन्या जागी वर गेलं होतं. घंटेचं बटण त्यांनी भिंतीवरून काढून खाटेच्या कडेला, उशीच्या उंचीवर बसवलं होतं. परत आल्यावर ते त्यांचं त्यांनाच लागणार होतं. सगळं घर त्यांनी फडक्याने पुसलेलं दिसत होतं. खाली भिंतीवर तेवढा एक बशीएवढा भाग पुसायचा राहिला होता, मळकट, बारीक बारीक बोटांचा.

तिने तिकडे बघितलं. बाबांनीही तिचं बघणं बघितलं.

"हे राहिलंय तेवढं," असं म्हणून बाबांनी खिळ्यावरचं कार्ड काढलं.

शेवटच्या भरलेल्या ओळीत आजची तारीख होती. तिच्यापुढे त्यांच्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं होतं: 'बंद ठेवली. दुरुस्तीनंतर तपासून मगच चालू करणे.' पुढे त्यांची सही. त्याच्यापुढे ग्राहकाच्या सहीचा रकाना.

त्यांनी पेन पुढे केलं.

"थांबा," ती म्हणाली. "न वाचता नाही करणार."

"अर्थात. आम्ही कुठे घाई करतोय."

पिशवी खाली ठेवून ती उजेडाकडे तोंड करून उभी राहिली आणि वरच्या ओळीपासून वाचायला लागली. बेचाळीस. चाळीस. पस्तीस. छत्तीस, त्या दिवशी बटणचा दात हिरडीतून वर येत होता. अठ्ठावीस. तेवीस. एकोणीस. बाबा हात मागे बांधून शेजारी उभे होते, इमारतीच्या सेक्रेटरीपुढे उभे राहायचे तसे. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली. मग सही केली, फक्त त्या ओळीपुढे.

खाली अजून आठ ओळी कोऱ्या होत्या. बाबांनी कार्ड परत खिळ्याला अडकवलं, सरळ लटकतंय ना ते बोटाने तपासलं, आणि चपला घातल्या.